अठ्ठेचाळीस सेकंद

वयाने आणि नोकरीने सगळ्यांत मोठी, म्हणून कार्यालयात तिला सगळे थोरली म्हणत. मुलांवर होणाऱ्या अत्याचाराच्या तक्रारी घेणारी ती फोनसेवा होती. एका लांबट खोलीत आठ टेबलं, आठ फोन आणि टेबलांच्या मधे जाड कापडी आडोसे, शेजारणीचं बोलणं आपल्या फोनात शिरू नये म्हणून. चौदा वर्षं थोरली त्यातल्या दुसऱ्या टेबलावर बसत होती. फोनवर मात्र थोरली-धाकटी असं काही नसे. तिथल्या सगळ्या बायका ‘ताई’ आणि सगळे पुरुष ‘दादा’.

दर सोमवारी सकाळी साहेब आठवड्याचा आढावा घ्यायचे. साहेब नवे होते, एका बँकेच्या तक्रार विभागातून आलेले. माणूस कष्टाळू, कुणाला टाकून बोलणार नाही, पण आकड्यांवर भारी जीव. त्या सोमवारी स्वारी खुशीत होती.

“सरासरी नऊ सेकंदांत आपण फोन उचलतोय,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी हेच सव्वीस होते.”

दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने विचारलं, “साहेब, हे नऊ सेकंद मोजायचे कुठून? पोरानं नंबर लावल्यापासून, की आपली टेप संपल्यापासून?”

टेप म्हणजे फोन लावला की सुरुवातीला ऐकू येणारा ध्वनिमुद्रित निरोप. एक बाई गोड आवाजात आधी स्वागत करायची, मग संभाषण नोंदवलं जाईल असं सांगायची, मग खोटी तक्रार हा गुन्हा आहे अशी तंबी द्यायची, मग भाषा निवडायला लावायची आणि शेवटी, तुम्ही स्वतः मूल असाल तर एक दाबा, शेजारी असाल तर दोन, शिक्षक असाल तर तीन. सगळं मिळून अठ्ठेचाळीस सेकंद.

“टेप संपल्यापासूनच,” साहेब म्हणाले. “त्याआधी फोन आपल्याकडे आलेलाच नसतो ना.”

“आणि टेप चालू असतानाच ज्यांनी ठेवून दिला?”

“ते ‘अपूर्ण’ म्हणून पडतात. बहुतेक सगळे टवाळखोर असतात हो. टेपची चाळणी आहे म्हणून बरं, नाहीतर तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नसती.”

बैठक संपली. पण थोरलीच्या डोक्यातून ते ‘अपूर्ण’ काही जाईना. दुपारी ती तळमजल्यावर तारमास्तरांकडे गेली. फोनची सगळी यंत्रणा या गृहस्थांच्या ताब्यात होती, आणि एका खोलीभर वायरींच्या जंगलात ते कोळ्यासारखे बसून असत.

“तीन आठवड्यांचे अपूर्ण हवेत मला,” ती म्हणाली.

“चारशे बारा आहेत. लोणचं घालणार का त्यांचं?”

“आधी बघू तर द्या.”

यादी घेऊन ती डबा खायला बसली आणि डबा तसाच राहिला. बरेचसे नंबर एकेकदाच आलेले होते. एक नंबर मात्र अकरा वेळा होता. शनिवार-रविवारी कधीच नाही. दुपारी एक वीस ते एक तीसच्या मधेच. कधी सतरा सेकंद, कधी तेहतीस. एकदा एक्केचाळीस.

ती यादी घेऊन पुन्हा खाली उतरली. “मास्तर, हा टवाळखोर नाही. टवाळखोर मनाला येईल तेव्हा फोन करतो. ज्याला भीती वाटते तोच रोज ठरल्या वेळेला करतो.”

“मग उलटा फोन लावून बघा.”

थोरलीने यादीची घडी घातली. तुटलेल्या नंबरावर उलट फोन करायचा नाही, हा सेवेचा नियम होता, आणि त्या नियमामागे ती स्वतः होती. सहा वर्षांपूर्वी असाच एक फोन मधेच तुटला. पलीकडून एका मुलाचं हुंदके देणं तेवढं ऐकू आलं होतं. तिला राहवलं नाही, तिने पुन्हा नंबर लावला. एका पुरुषाने उचलला. “कोण पाहिजे?” तिने ‘चुकून लागला’ म्हणून ठेवून दिला. तो माणूस काही क्षण गप्प राहिला होता. ते गप्प राहणं अजून तिच्या कानात होतं. तो नंबर त्यानंतर कधीच लागला नाही, आणि पोलीस पत्ता काढून पोचले तेव्हा त्या घराला कुलूप होतं. मुलाचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

पोलिसांकडे जावं तर नुसत्या तुटलेल्या फोनवर ते मोबाइलचा पत्ता काढून देत नसत. तक्रार हवी. आणि तक्रार व्हायला आधी कुणीतरी बोलायला हवं.

तारमास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थट्टा गुंडाळून ठेवली. “एक सांगू? फोन लागला त्या क्षणापासून यंत्र मुद्रण करतं. टेपच्या खाली पलीकडचा आवाजही पडलेला असतो. आजवर कुणी ऐकलेला नाही एवढंच. ऐकायचाय?”

दोघांनी एकेक हेडफोन कानाला लावला. वरती टेपमधली बाई गोड गोड बोलत होती. तिच्या खाली धापा टाकल्यासारखा श्वास, नळाची टपटप, आणि एक बारीक पुटपुट. तारमास्तरांनी बाईचा आवाज कमी करत आणला तेव्हा ती पुटपुट नीट कळली. पलीकडचं मूल टेपमधल्या बाईबरोबर टेपच म्हणत होतं. पाठ झाली होती त्याला. बाईच्या अर्धा शब्द पुढेच धावत होतं, घाई केली तर ती लवकर संपेल अशा आशेने. “...हा कायद्याने गुन्हा आहे... भाषा निवडण्यासाठी...” मग दूर कुठेतरी किल्ली फिरली आणि फोन बंद झाला.

बाकीच्या दहा मुद्रणांतही तेच. श्वास, पुटपुट, किल्ली.

“आई गं,” तारमास्तर एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर थोरलीने नवऱ्याला शिवणयंत्रावरून उठवलं. शिंपी माणूस, हातातलं काम अर्धवट सोडायला नाखूश. “रस्त्यावर जा,” ती म्हणाली, “आणि नेहमीसारखे जिने चढून वर येऊन किल्लीने दार उघडा.”

“अगं, मी घरातच आहे की! आतल्या माणसाला बाहेर काढून पुन्हा आत घ्यायचं म्हणजे काय?”

“जा म्हटलं ना. टेप संपायच्या आत किल्ली फिरते का, ते बघायचंय.”

तो गेला. ती बाथरूममध्ये दार लावून फोन घेऊन बसली. खालचं लोखंडी फाटक करकरलं तसा तिने नंबर लावला. टेप सुरू झाली. जिन्यावर पावलं वाजू लागली. हा आपला नवरा आहे, गुडघ्याला हात लावत चढणारा, हे ठाऊक असूनही तिने फोन पदराआड लपवला. बाई भाषा निवडायला सांगत असतानाच दारात किल्ली फिरली.

“किती झाले?” तो बाहेरून ओरडला.

“छत्तीस.”

“तेसुद्धा माझा गुडघा धरून,” तो म्हणाला. बाहेर आलेल्या बायकोचा चेहरा पाहून तो आत गेला. पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला.

मंगळवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. “टेप काढा,” उभ्या उभ्याच म्हणाली.

“बसा आधी. अहो, ती मी घातलेली नाही. वरून आलीय. कायदा विभागाने शब्द न् शब्द तपासलाय. आणि काढली तर लोंढा येईल, त्याचं काय? टवाळखोर आठही लाइन अडवून बसतील आणि खरं पोर बाहेर ताटकळेल. तेव्हा तुम्हीच येऊन म्हणाल, साहेब, टेप घाला.”

यात तथ्य होतं, हे थोरलीला कळत होतं. तिने वाद घातला नाही. तारमास्तरांनी दिलेलं मुद्रण तिने टेबलावर ठेवलं. “हे अकरातलं एकच ऐका. एक्केचाळीस सेकंदांचं आहे. तुमच्या नऊमध्ये हे कुठेच नाही.”

साहेबांनी हेडफोन चढवला. हातात पेन घेतलं, सवयीने. वीस सेकंदांनी पेन खाली ठेवलं. किल्लीचा आवाज आला तेव्हा त्यांची मान आपोआप दाराकडे वळली.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, “आठवडाभर. तोंडी परवानगी. वरच्यांना काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. आणि त्या वेळात मी स्वतः आठव्या टेबलावर बसेन.”

बुधवारी टेप बंद झाली आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं. लोंढा आला. कुणी शिट्टी वाजवी, कुणी शिव्या घाली, एका बाईला गॅसची टाकी हवी होती. चौथ्या टेबलावरचा जाडसर दादा, ज्याला सगळे पहिलवान म्हणत, कपाळाला हात लावून म्हणाला, “थोरले, तू आम्हाला आगीतून फुफाट्यात नेलंस.” तिने ऐकून घेतलं. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. तारमास्तरांनी तो एक नंबर थेट तिच्या टेबलाला जोडून दिला होता. एक वीस झाले, एक तीस झाले. काही नाही.

गुरुवारीही काही नाही. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. पोर कंटाळलं असेल तर? अकरा वेळा दार ठोठावून कुणी उघडलं नाही, बाराव्यांदा कशाला येईल? की फोन सापडला असेल कुणाला? रात्री तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी एक वाजून चोवीस मिनिटांनी तो नंबर तिच्या पडद्यावर उमटला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

“बोल बाळा, मी ऐकतेय.”

पलीकडे श्वास. नळाची टपटप. कुणी बोलेना.

“मी ताई बोलतेय. तुझं ऐकायला बसलेय.”

“तुम्ही... टेप आहात का?” कुजबुजता आवाज मुलीचा होता, आठ-नऊ वर्षांच्या.

“नाही गं. खरी आहे. तुला लागलंय का कुठे?”

“मला नाही. माझ्या भावाला. तो बाथरूममध्ये आहे. काकू कामावर जाताना बाहेरून कडी घालते. रोज. काल मारलं, तर आता तो बोलतच नाहीये. मी हाक मारली.”

थोरलीचा डावा हात वर गेला. ही खूण ठरलेली होती. आठव्या टेबलावरून साहेब धावत तिच्या पाठीशी आले.

“किती वर्षांचा आहे भाऊ?”

“चार.”

“त्याचा श्वास ऐकू येतो?”

“कण्हतोय.”

“काकू कधी येते?”

“आत्ता. जेवायला. मी शाळेतून आले की लगेच येते. कडी काढली तर तिला कळतं.”

“कडीला हात लावू नकोस. तुझा पत्ता माहीत आहे?”

“नाही... तिसरा मजला. खाली सायकलवाला आहे.”

सायकलवाले शहरात गल्लोगल्ली. थोरलीसमोर सत्तावीस प्रश्नांचा छापील तक्ता होता. पहिला प्रश्न संपूर्ण नाव, दुसरा वडिलांचं नाव. तिने तो पालथा घातला. मुलगी शाळेतून आत्ता आली होती. म्हणजे गणवेश अजून अंगावर असणार.

“बाळा, शाळेचा कपडा घातलायस ना? खिशावर बिल्ला आहे? त्यावर काय लिहिलंय ते वाच. भरभर.”

मुलगी वाचू लागली. अक्षरं तिला उलटी दिसत होती, ती अडखळत होती. थोरली शब्द न् शब्द मोठ्याने पुन्हा म्हणत होती आणि मागे साहेब लिहून घेत होते. शाळेचं नाव पुरं झालं.

“इयत्ता? तुकडी?”

“तिसरी ब.”

“हजेरीचा नंबर?”

“एकोण...”

जिन्यावर पावलं. थोरलीला ती स्पष्ट ऐकू आली.

“एकोणतीस,” मुलीने कुजबुजून सांगितलं.

“शाब्बास. आम्ही येतोय. फोन आता—”

किल्ली फिरली. फोन बंद झाला. पडद्यावर आकडा होता त्रेपन्न.

टेप असती तर थोरलीच्या वाट्याला पाच सेकंद आले असते. तेव्हा मात्र हे तिच्या मनात आलं नाही. तेव्हा साहेब शाळेला फोन लावत होते. शाळा सुटली होती, कारकून कुलूप लावायच्या बेतात होता. “साहेब, नोंदवही अशी फोनवर सांगता येत नाही, मुख्याध्यापकांचं पत्र लागतं,” तो म्हणाला. साहेबांनी आवाज चढवला नाही. बँकेत संतापलेल्या लोकांशी बोलता बोलता कमावलेला त्यांचा तो शांत, चिवट आवाज. “पत्र मी स्वतः घेऊन येतो. पण तोवर त्या पोराला काही झालं तर ‘पत्र नव्हतं’ हे उत्तर आपल्या दोघांनाही द्यावं लागेल. तिसरी ब, एकोणतीस. मी थांबलोय.”

पलीकडे कुलूप पुन्हा उघडल्याचा आवाज आला. दीड वाजून चार मिनिटांनी पत्ता मिळाला. पहिलवानाने पोलीस चौकीला फोन जोडून ठेवला होता, दुसऱ्या लाइनवर सेवेची समाजसेविका गाडीत बसून तयार होती. दोघांनाही एकदम पत्ता सांगितला गेला.

आणि मग करायला काहीच उरलं नाही. थोरलीचा फोन वाजला. कुणीतरी फिदीफिदी हसून ठेवून दिला. पुन्हा वाजला. शेजारच्या घरातलं भांडण रोजचं झालंय, त्यांच्या पोरांची काळजी वाटते, असं एक आजोबा सांगत होते. त्यांचं तिने नीट, एकेक वाक्य लिहून घेतलं. आवाज स्थिर ठेवला. पण लिहिता लिहिता दर दोन ओळींना तिची नजर घड्याळावर जात होती. एक पन्नास. एक अठ्ठावन्न. काकूने आत येताना मुलीच्या हातात फोन पाहिला असेल का? कडीला मुलीने हात लावला असेल का? आपण ‘येतोय’ म्हणालो आणि दारात कुणीच नाही, असं त्या पोरीला किती वेळ वाटत राहणार?

दोन वाजून अकरा मिनिटांनी समाजसेविकेचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“सापडली दोघंही,” ती धापा टाकत म्हणाली. “पोलीस बरोबर आहेत. काकू जेवायला बसली होती. पोराला ताप आहे, हात सुजलाय, पण शुद्धीवर आहे. रुग्णवाहिका निघालीय.”

“मुलगी?” थोरलीने विचारलं.

“भिंतीला चिकटून उभी होती. रडली नाही. मी बाथरूमजवळ गेले तर मला म्हणाली, कडी मी काढू का? म्हटलं, काढ. तिनंच काढली.”

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. पहिलवानाने तोंड धुवायला म्हणून बाहेरचा रस्ता धरला. थोरली आपल्या खुर्चीत बसली आणि मग तिला रडू फुटलं, मोठ्याने, शेजारणीच्या फोनात जाईल इतकं. साहेबांनी तिच्या टेबलाची लाइन स्वतःकडे वळवून घेतली आणि दहा मिनिटं तिथल्या शिव्या आणि शिट्ट्या मुकाट्याने ऐकल्या.

पोराच्या हाताचं हाड मोडलं होतं. आई दुसऱ्या शहरात इस्पितळात आया म्हणून कामाला होती, दिराच्या घरी पोरं सुखात आहेत अशा समजुतीत. दीर स्वतः बोटीवर नोकरीला. आई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. काकूवर खटला उभा राहिला. मुलांना आईने आपल्याबरोबर नेलं, ते मात्र सहजासहजी नाही. चौकशा, कागद, सुनावण्या यांत महिना गेला आणि तेवढे दिवस दोन्ही भावंडं एका बालगृहात राहिली. मुलगी तिथे कुणाशी फारशी बोलत नसे, असं समाजसेविकेने सांगितलं. थोरलीला तिला भेटावंसं वाटलं. पण फोन घेणाऱ्यांनी मुलांना भेटायचं नाही, हाही नियमच होता, आणि या नियमावर तिचा विश्वास होता.

आठवडा संपला, टेप पुन्हा लागली नाही. वरून खरमरीत पत्र आलं. साहेबांनी उत्तर लिहिलं, त्याला उलट उत्तर आलं, असं चार महिने चाललं. शेवटी तोडगा निघाला: फोन आधी उचलायचा, कायद्याचं जे काही सांगायचं ते मूल सुरक्षित आहे हे कळल्यावर. टवाळखोरांसाठी दुपारच्या वेळात तीन टेबलं वाढवून मिळाली. ती भरायला सहा महिने लागले, आणि तोवर सगळ्यांचे घसे बसलेले असत.

सोमवारच्या आढाव्यात आता पहिला आकडा अपूर्ण फोनांचा असतो. साहेब तो सरासरीत घालत नाहीत. नंबर, वेळ, सेकंद असं एकेक वाचून दाखवतात, कितीही कंटाळवाणं झालं तरी. आठवड्याला सुमारे एकशे चाळीसवरून ते साठ-सत्तरवर आले आहेत. गेल्या सोमवारी एकसष्ट होते. त्यातला एक नंबर तीनदा आला होता, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, तिन्ही वेळा घंटा वाजताच बंद. पहिली घंटा पुरी होईपर्यंतसुद्धा थांबता न येणारं कुणीतरी.

“सकाळची पाळी कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझी नाही,” थोरली म्हणाली, “पण या आठवड्यात मी येते.” आणि तिने तो नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला.